बेसबॉलमध्ये ऑब्स्ट्रक्शन (चेंडू हातात नसताना फील्डरने रनरची वाट अडवणं) दिल्यावर अंपायर कधी खेळ थांबवतो, कधी नाही. नेमका नियम काय?

चौथा_बॉल

२०१३ ची वर्ल्ड सिरीज (अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलची अंतिम मालिका), तिसरा सामना, २६ ऑक्टोबर, सेंट लुईसचं बुश स्टेडियम. त्यातला शेवटचा खेळ कितीही वेळा मागे घेऊन पाहिला तरी माझं समाधान होत नाहीये.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नववी इनिंग, कार्डिनल्स ४, रेड सॉक्स ४, एक आउट. कार्डिनल्सचा मोलिना थर्ड बेसवर, ॲलन क्रेग सेकंड बेसवर. जॉन जेचा ग्राउंडर पेड्रोइयाने झेप घेऊन अडवला, होमला (जिथे पोचलं की धाव होते) थ्रो केला, मोलिना आउट. कॅचर साल्टालामाकियाने लगेच क्रेगसाठी थर्डला थ्रो मारला, तो भरकटून लेफ्ट फील्डमध्ये गेला. थर्ड बेसमन मिडलब्रुक्स त्या थ्रोसाठी झेपावून पोटावर पडलेला. क्रेग उठला, होमकडे निघाला, मिडलब्रुक्सवर अडखळून पडला, परत उठून धावला आणि होमजवळ टॅग झाला, म्हणजे फील्डरने त्याला चेंडूने स्पर्श केला. तरी सेफ. ५-४, सामना संपला.

माझ्या शंका:

१. मिडलब्रुक्स चेंडू पकडायलाच गेला होता. त्याने मुद्दाम काही केलं असं मला दिसत नाही. पडलेला माणूस हवेत विरून जाणार का?

२. थर्डचा अंपायर जिम जॉइस याने नुसता हात दाखवला आणि खेळ चालू ठेवला. पण पिकऑफमध्ये (बेस सोडून उभ्या रनरला टिपायला मारलेल्या थ्रोवर) फर्स्ट बेसमनने रनरची वाट अडवली तर अंपायर दोन्ही हात वर करून सगळं जागच्या जागी थांबवतो. एकाच गुन्ह्याला दोन न्याय?

३. ऑब्स्ट्रक्शन दिलं की एक बेस पुढे मिळतोच, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. खरं आहे का?

मी स्कोअरर आहे, तेव्हा स्कोअरबुकात याची नोंद कशी करायची तेही कोणी सांगितलं तर बरं.

---

निळा_शर्ट

पहिल्या शंकेचं उत्तर सर्वांत सोपं, म्हणून तेच आधी. ऑब्स्ट्रक्शनमध्ये हेतू बघत नाहीत. व्याख्या एवढीच: ज्या फील्डरच्या हातात चेंडू नाही आणि जो त्या क्षणी चेंडू फील्ड करत नाही, त्याने रनरच्या धावण्यात अडथळा आणणं. ‘मुद्दाम’, ‘टाळता आलं असतं तर’, ‘निष्काळजीपणे’ यातला एकही शब्द तिथे नाही.

क्रिकेट पाहून वाढलेल्या आपल्या डोक्यात इथे गोंधळ होतो. क्रिकेटमध्ये नियम ४१.५ खाली फील्डरने बॅटरला अडवलं तर ५ पेनल्टी धावा मिळतात, पण तिथे ते जाणूनबुजून केलेलं असावं लागतं. आणि ‘ऑब्स्ट्रक्टिंग द फील्ड’ हा ३७ वा नियम तर उलट्या दिशेचा, तिथे बॅटर आउट होतो. बेसबॉलमध्ये धावणाऱ्या बाजूने अडथळा आणला तर ते इंटरफिअरन्स, फील्डिंग करणाऱ्या बाजूने रनरला अडवलं तर ऑब्स्ट्रक्शन. अपवाद एकच लक्षात ठेवा: कॅचरचा ग्लव्ह बॅटला लागला तर मेजर लीगच्या नियमात त्याला कॅचर्स इंटरफिअरन्स म्हणतात आणि बॅटरला फर्स्ट मिळतो.

आता ‘पडलेल्या माणसाने करायचं काय’. नियमाच्या टिपेत जवळजवळ हेच उदाहरण आहे. फील्डरने चेंडूसाठी प्रयत्न केला आणि चेंडू हुकला, की त्या क्षणापासून तो ‘फील्ड करतोय’ असं धरत नाहीत. इनफील्डर ग्राउंडरसाठी झेपावला, चेंडू निघून गेला, तो तसाच पडून राहिला आणि रनरला उशीर झाला, तर ते बहुतेक ऑब्स्ट्रक्शनच, असं तिथे लिहिलंय. मिडलब्रुक्ससमोर ग्राउंडर नव्हता, थ्रो होता. बाकी तंतोतंत तेच. चेंडू त्याला ओलांडून गेला तेव्हाच त्याचं संरक्षण संपलं. पाय वर उचलले का, मुद्दाम उचलले का, यावर तेव्हा टीव्हीवर बराच खल झाला, पण निर्णयाला त्याची गरज नव्हती.

दुसऱ्या शंकेत सगळा नियम आहे. अडथळा होताना अंपायरने स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: याच रनरवर आत्ता प्ले चालू आहे का?

हो असेल, म्हणजे त्याला टॅग करायला कोणी धावतंय, त्याच्यासाठीचा थ्रो हवेत आहे, तो रनडाउनमध्ये (दोन बेसच्या मध्ये फील्डरच्या कोंडीत) सापडलाय, तर तो पहिला प्रकार. बॅटर-रनरला (चेंडू मारून धावत सुटलेल्या बॅटरला) फर्स्टला पोचायच्या आत अडवलं तरी नियम त्याला याच प्रकारात टाकतो. दोन्ही हात डोक्यावर, ‘टाइम’, चेंडू तिथेच डेड. अडवलेल्या रनरला त्याने शेवटचा कायदेशीर स्पर्श केलेल्या बेसच्या पुढचा किमान एक बेस. इतर रनर, अडथळा नसता तर जिथे पोचले असते तिथे.

नाही असेल, तर दुसरा प्रकार. अडथळ्याच्या जागेकडे बोट दाखवायचं, मोठ्याने ‘दॅट्स ऑब्स्ट्रक्शन’ म्हणायचं आणि खेळ चालू द्यायचा. पुढे काहीच घडण्यासारखं उरलं नाही की मग ‘टाइम’, आणि मग नुकसान भरून काढायचं. इथे किमान एक बेस वगैरे काही नाही. नुकसान शून्य असेल तर भरपाईही शून्य. तुमच्या तिसऱ्या शंकेचं उत्तर यातच आलं: एक बेस ‘मिळतोच’ तो फक्त पहिल्या प्रकारात.

जुने अंपायर यांना टाइप ए आणि टाइप बी म्हणतात, कारण २०१५ पर्यंत ते ७.०६ (ए) आणि (बी) होते. नियमपुस्तकाची फेरमांडणी झाल्यापासून ते ६.०१ (एच) खाली आलेत.

२०१३ च्या खेळात थ्रो मिडलब्रुक्सला ओलांडून लेफ्ट फील्डकडे निघाला होता. क्रेग अडखळला त्या क्षणी त्याच्यावर कोणाचाच प्ले नव्हता. म्हणून दुसरा प्रकार. जॉइसने खेळ थांबवला असता तर तीच चूक ठरली असती. होमला डाना डिम्यूथ होता. क्रेग टॅग झाल्यावर त्याने सेफ दिलं आणि थर्डकडे बोट दाखवलं, म्हणजे ‘हा निर्णय तिकडच्या अडथळ्यामुळे’. लेफ्ट फील्डर डॅनियल नावा याचा थ्रो येऊन टॅग लागला तो क्रेग होमच्या अगदी जवळ असताना. पडण्यात गेलेला वेळ वजा केला तर तो आरामात पोचला असता.

---

कडेला_उभा

+१, पण ‘खेळ चालू द्यायचा’ यामागचं कारण सांगायला हवं, नाहीतर नवे अंपायर तो केवळ संकेतातला फरक समजून पाठ करतात.

समजा बॅटरने राइट-सेंटरच्या फटीत चेंडू मारला. फर्स्ट बेसमन चेंडू कुठे गेला ते बघत बेसपाथमध्ये उभा, बॅटर-रनर फर्स्ट ओलांडताना त्याला घासून गेला. अंपायरने तिथेच ‘टाइम’ म्हटलं तर चेंडू डेड, आणि मग सगळ्यांना बेस अंदाजाने वाटत बसावं लागणार. कदाचित तो रनर अडथळा होऊनही ट्रिपल काढणार होता. कदाचित पुढचा रनर होमला आउट होणार होता. म्हणजे थांबवून कोणाचं तरी नुकसान नक्की. त्यापेक्षा खेळ नैसर्गिकपणे संपू द्यावा आणि शेवटी हिशेब करावा.

पहिल्या प्रकारात मात्र चालू ठेवण्यात अर्थ नाही. त्याच रनरवर प्ले आहे आणि तोच अडवला गेलाय, तर त्या प्लेचा निकाल नासलेलाच आहे.

हात वर करायला घाई झाली तर काय होतं त्याचंही उत्तर नियमात आहे. ऑब्स्ट्रक्शन पुकारण्याआधी थ्रो हवेत सुटलेला असेल आणि तो भरकटला, तर भरकटलेल्या थ्रोवर एरवी जे बेस मिळाले असते तेच मिळतात. नियमातलं उदाहरण असं: रनर सेकंड आणि थर्डच्या मध्ये अडकलाय, शॉर्टस्टॉपचा थ्रो हवेत असताना थर्ड बेसमनने त्याला अडवलं, आणि तो थ्रो थेट डगआउटमध्ये गेला. रनरला होम. इतर रनरनाही ऑब्स्ट्रक्शन पुकारण्यापूर्वी स्पर्श केलेल्या बेसपासून दोन बेस.

रनडाउनमधली आणखी एक हमखास चूक. रनर सेकंडवरून निघाला होता, थर्डच्या बाजूने हुसकावल्यावर परत सेकंडकडे धावताना अडवला गेला. नवखा अंपायर त्याला सेकंड देतो, ‘तिकडेच तर चालला होता’ म्हणून. चूक. शेवटचा स्पर्श सेकंडला, म्हणून किमान थर्ड. पिकऑफलाही तेच: फर्स्टकडे परत झेपावणाऱ्या रनरला चेंडू हातात नसलेल्या फर्स्ट बेसमनने गुडघ्याने अडवलं तर त्याला सेकंड मिळतो. डिफेन्सचा कोच इथे नेहमी तणतणत येतो, पण या बाबतीत नियमात संदिग्धता नाही.

एक अपवाद जोडतो. बॅटर-रनर फर्स्टच्या आधी अडवला गेला, पण त्याने मारलेला चेंडू उंच उडालाय आणि झेल पकडला गेला, तर तो आउटच. त्याला बेस देऊन जिवंत करत नाहीत, कारण अडथळ्याचा आणि झेलाचा काही संबंध नाही. म्हणून पॉप-अपवर फर्स्टलाइनवर टक्कर झाली तर हात वर नेण्याआधी चेंडूकडे बघा.

---

चौथा_बॉल

हे आता स्वच्छ झालं. पण मग रनरने काय करायचं? अंपायरने बोट दाखवलेलं त्याला दिसलं आणि तो थांबला तर?

---

निळा_शर्ट

तर तो मेला. याचं पुस्तकी उदाहरण २००३ च्या अमेरिकन लीग डिव्हिजन सिरीजचं, ओकलंड विरुद्ध बॉस्टन, तिसरा सामना. ओकलंडचा मिगेल तेहादा थर्ड ओलांडताना थर्ड बेसमन बिल म्युलरला धडकला. अंपायर बिल वेल्कीने ऑब्स्ट्रक्शन दाखवलं. तेहादाला वाटलं की होम आपोआप मिळालं, आणि तो थर्ड-होमच्या मध्ये चक्क धावायचा थांबला. कॅचर व्हेरिटेकने त्याला टॅग केलं. आउट, आणि तो आउट कायम राहिला.

ऑब्स्ट्रक्शन झालं हे अंपायरनी नाकारलं नव्हतं. पण धडकेच्या क्षणी तेहादावर प्ले नव्हता, म्हणजे दुसरा प्रकार, म्हणजे होम ‘आपोआप’ नाही. तो जीव तोडून धावत राहिला असता आणि थोडक्यात आउट झाला असता, तर अंपायरना म्हणता आलं असतं की धडक नसती तर पोचला असता, होम घे. त्याने स्वतःच तुलना करण्याची सोय संपवली.

नियमाच्या भाषेत: अंपायरच्या मते जो बेस त्याला मिळायला हवा त्याच्या पुढे रनर गेला तर तो स्वतःच्या जबाबदारीवर गेला, टॅग झाला तर आउट. आणि हा बेस कोणता ते अंपायर खेळ चालू असताना सांगत नाही. त्यामुळे रनरपुढे पर्याय एकच: काही झालंच नाही असं समजून धावायचं.

अंपायरच्या बाजूनेही एक गोष्ट. अडथळा होतो त्या क्षणी मनात चित्र पक्कं करायचं: रनर कुठे, चेंडू कुठे, कोणत्या फील्डरच्या किती जवळ, पुढे कोणी रनर आहे का. तेव्हाच अंदाज बांधायचा, ‘सेकंडपर्यंत संरक्षण’. पण तो अंदाज दगडावरची रेघ नाही. शेवटचा निर्णय खेळ थांबल्यावर. आउटफिल्डरच्या पायातून चेंडू भिंतीपर्यंत गेला तर मूळ अंदाजातला सेकंड आता थर्ड होऊ शकतो. कारण मोजायचं एवढंच असतं की अडथळा नसता तर हा रनर कुठपर्यंत गेला असता.

त्यासाठी एक ढोबळ हिशेब सोबत ठेवावा. चांगला रनर पूर्ण वेगात सेकंदाला ८ मीटरच्या आसपास जातो. नुसता खांदा घासला, लय चुकली, तर एखाद-दुसरं पाऊल जातं. पडून उठला तर एक-दीड सेकंद सहज, म्हणजे १० मीटर. आता पुढच्या बेसवर तो किती अंतराने आउट झाला ते बघा. खांदा घासलेला रनर ८ मीटर आधीच टॅग झाला तर तो अडथळ्यामुळे आउट झालेला नाही, आउट ठेवा. पडून उठलेला २ मीटरने आउट झाला तर बेस द्या.

---

डावा_हात_मूठ

सॉफ्टबॉलवाल्यांसाठी लिहितो, कारण आपल्याकडे बरेच जण शालेय सॉफ्टबॉलमधून बेसबॉलकडे येतात आणि तिकडची सवय इकडे घेऊन येतात.

सॉफ्टबॉलमध्ये दोन प्रकार नाहीतच. ऑब्स्ट्रक्शन कुठेही होवो, प्ले असो वा नसो, ते डिलेड डेड बॉल (खेळ चालू ठेवायचा, निर्णय नंतर). संकेत म्हणजे डावा हात खांद्याच्या रेषेत आडवा, मूठ बंद. आणि तिथे रनरला एक पक्कं कवच मिळतं: ज्या दोन बेसच्या मध्ये अडथळा झाला त्यांच्या मध्ये त्याला आउट करता येत नाही. टॅग झाला तर तिथे ‘डेड बॉल’ पुकारून त्याला तो पोचला असता तो बेस द्यायचा, कधी पुढचा, कधी मागचाही. म्हणजे फर्स्टकडे परत येताना अडवलेल्या रनरला सॉफ्टबॉलमध्ये फर्स्टच मिळू शकतो, मेजर लीगच्या नियमाने मात्र सेकंड. हाच फरक सर्वांत जास्त वेळा चुकतो.

कवच असलं तरी रनरने स्वतः इंटरफिअरन्स केला, पुढच्या रनरला ओलांडलं, बेस चुकवला किंवा झेलाच्या आधी बेस सोडला, तर अपीलवर किंवा थेट आउट होतोच.

दुसरा फरक हातातल्या चेंडूचा. मेजर लीगच्या नियमात थ्रो फील्डरच्या दिशेने आणि इतका जवळ आला असेल की तो घ्यायला त्याला तिथे उभं राहणं भागच आहे, तर तो ‘फील्ड करतोय’ असं धरता येतं. किती जवळ, ते अंपायरने ठरवायचं. सॉफ्टबॉलमध्ये ‘थ्रो येतोय’ ही सबब आता चालत नाही. हातात चेंडू हवा, नाहीतर वाट मोकळी. अपवाद मारलेला चेंडू फील्ड करणाऱ्याचा.

खोटा टॅगही बघा. हातात चेंडू नसताना टॅग केल्याचं नाटक करून रनरला घसरायला किंवा थांबायला लावणं हे सॉफ्टबॉलमध्ये ऑब्स्ट्रक्शन आहे, अंगाला स्पर्श नसला तरी. मेजर लीगमध्ये ते चालतं.

---

उपनगरी_अंपायर

अमेरिकेत मुलांच्या खेळांना जाणाऱ्या मंडळींसाठी यात भर. टीव्हीवरचा नियम आणि शाळेच्या मैदानावरचा नियम एक नाही.

हायस्कूल बेसबॉलमध्ये ऑब्स्ट्रक्शन नेहमी डिलेड डेड बॉल, पण किमान एक बेस मात्र नेहमी मिळतो. म्हणजे सॉफ्टबॉलची पद्धत आणि मेजर लीगच्या पहिल्या प्रकाराची भरपाई यांची खिचडी. फर्स्ट बेसमनने वळणावर नुसतं अडवलं, रनर तसाही फर्स्टवरच थांबणार होता, तरी त्याला सेकंड. पालकांना हे अन्यायाचं वाटतं, पण नियम तसा आहे. चेंडू हातात नसताना बेसची वाट पूर्ण अडवणं तिथे ऑब्स्ट्रक्शन, आणि खोटा टॅगही.

लिटल लीगमध्येही चेंडू हातात असणं हाच निकष. तिथल्या व्याख्येत ‘फील्ड करत असताना’ ही सवलतच नाही, आणि खोटा टॅग व्याख्येतच ऑब्स्ट्रक्शन म्हणून लिहिलेला आहे. लहान मुलं पायाने बेस अडवायला लवकर शिकतात आणि घोट्याला दुखापती तिथेच होतात, त्यामुळे मला हा कडकपणा योग्य वाटतो.

तेव्हा वाद घालायला जाण्याआधी एकच विचारा: आजचा सामना कुठल्या नियमपुस्तकावर आहे? निम्मे वाद तिथेच मिटतात.

---

होमप्लेट_धूळ

कोणी होमप्लेटबद्दल बोललंच नाही.

होमला ६.०१ (आय) हा वेगळा नियम आहे. २५ मे २०११ ला जायंट्सचा कॅचर बस्टर पोझी होमच्या टकरीत पाय मोडून घेऊन सीझनबाहेर गेला. २०१४ पासून मेजर लीगने टक्कर-नियम आणला. रनरने वाट सोडून कॅचरवर चाल करायची नाही, आणि कॅचरने हातात चेंडू नसताना रनरची वाट अडवायची नाही. कॅचरने अडवलं तर रनर सेफ. थ्रो पकडण्याच्या प्रामाणिक प्रयत्नात वाट अडली तर सूट आहे.

पहिल्याच वर्षी याचा अतिरेक झाला. ३१ जुलै २०१४ ला मायामीत सिनसिनाटीचा झॅक कोझार्ट होमला बऱ्याच अंतराने आउट होता. पण कॅचर जेफ मॅथिसने वाट अडवली म्हणून रीप्लेवर निर्णय फिरवून त्याला सेफ दिलं. भरपूर आरडाओरडा झाला. सप्टेंबरमध्ये मेजर लीगने खुलासा काढला की कॅचरच्या उभं राहण्यामुळे रनरला प्रत्यक्ष अडथळा झाला नसेल तर ते उल्लंघन धरू नये.

लक्षात ठेवण्यासारखा फरक: होमचा टक्कर-नियम रीप्लेवर तपासता येतो. बाकी बेसवरचं ऑब्स्ट्रक्शन नाही, ते मैदानावरच्या अंपायरचं मत आणि तेच अंतिम. मॅनेजर बाहेर येऊन नियम चुकीचा लावला म्हणू शकतो, नजर चुकली म्हणून निर्णय फिरवून घेऊ शकत नाही.

२०२४ च्या सीझनला मेजर लीगने फर्स्ट, सेकंड आणि थर्डवरच्या ऑब्स्ट्रक्शनकडे कडक लक्ष द्यायचं ठरवलं. शब्द बदलले नाहीत, अंमलबजावणी बदलली. स्टील (बेस चोरणं) आणि पिकऑफला इनफील्डर चेंडू यायच्या आधी गुडघा किंवा नडगी टाकून बेसचा कोपरा झाकतात, हे त्याचं लक्ष्य. आधीच्याच वर्षी बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले होते, ते रनरला जास्त जागा मिळावी आणि टकरी कमी व्हाव्यात म्हणून. गुडघ्याने तीच जागा झाकली तर मोठ्या बेसचा उपयोग काय?

---

दोनच_अंपायर

वरचं सगळं चार किंवा सहा अंपायरच्या मैदानावर ठीक. आपल्या स्पर्धांत बहुधा दोघेच असतात, म्हणून व्यवहाराचं लिहितो.

ऑब्स्ट्रक्शन सुटतं ते नियम माहीत नसल्यामुळे नाही, चेंडूमागे नजर गेल्यामुळे. आउटफील्डला हिट गेली की दोन्ही अंपायर चेंडू बघत बसतात आणि फर्स्टला बॅटर-रनर बेसमनला धडकतो. म्हणून वाटणी पक्की हवी. बेस रिकामे असताना बेस अंपायरने आत धावून वळायचं, चेंडूकडे एक कटाक्ष, मग नजर फर्स्टच्या स्पर्शावर आणि बेसमनच्या पायांवर. चेंडू प्लेट अंपायरचा. फर्स्टवर रनर असताना तो थर्डकडे निघाला की प्लेट अंपायर थर्डला सरकतो, थर्डचा स्पर्श आणि तिथला अडथळा त्याचा. सेकंडच्या आसपासचं सगळं बेस अंपायरचं.

बोट दाखवलंत तर आवाजही लावा. जोडीदाराला ते कळलं नाही तर तो पुढच्या बेसवर सरळ आउट देतो, मग दोन अंपायरचे दोन निर्णय आणि दोन्ही डगआउट मैदानात. खेळ संपल्यावर ‘टाइम’, जोडीदाराशी दहा सेकंद बोलणं, मग ज्याने ऑब्स्ट्रक्शन पाहिलं त्यानेच निर्णय मोठ्याने सांगायचा: कोणी अडवलं, कोणाला कोणता बेस. दिलेले बेसही रनरने क्रमाने स्पर्शायचे असतात, चुकवला तर अपीलवर आउट. हे सांगायला आपण जायचं नाही, पण बघायचं मात्र नक्की.

---

कडेला_उभा

अजून एक कोपरा राहिला. मारलेला चेंडू फील्ड करणाऱ्याला पहिला हक्क असतो आणि रनरने त्याला टाळायचं असतं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण तो हक्क एकाच फील्डरला. पॉप-अपखाली थर्ड बेसमन आणि शॉर्टस्टॉप दोघे आले तर कोण पकडण्याच्या जास्त स्थितीत आहे ते अंपायर ठरवतो. दुसऱ्याला रनर धडकला तर ते ऑब्स्ट्रक्शन होऊ शकतं.

२३ मे २०२४ चा शिकागो व्हाइट सॉक्स–बाल्टिमोर सामना उलट बाजूचा. नववी इनिंग, इनफील्ड फ्लाय (सहज झेल होण्यासारखा उंच चेंडू, ज्यावर बॅटर आपोआप आउट), सेकंडवरचा शिकागोचा अँड्र्यू व्हॉन बेसकडे परत फिरताना शॉर्टस्टॉप गनर हेंडरसनच्या वाटेत आला. इंटरफिअरन्स, व्हॉन आउट, बॅटर इनफील्ड फ्लायने आधीच आउट, सामना खल्लास, बाल्टिमोर ८-६. हेंडरसनने झेल सहज घेतला होता, म्हणून खूप टीका झाली. ऑब्स्ट्रक्शनच्या दुसऱ्या प्रकारात ‘परिणाम झाला का’ ते बघून भरपाई ठरते, इंटरफिअरन्समध्ये अडथळा झाला असं अंपायरने धरलं की आउट. झेल घेतला गेला याने ते पुसलं जात नाही.

आणि बंटवर (बॅटने हलकेच टेकवलेल्या चेंडूवर) होमसमोरच कॅचर आणि बॅटर-रनर एकमेकांत अडकले तर सहसा काहीच द्यायचं नाही, असं नियमाची टीपच सांगते. १९७५ च्या वर्ल्ड सिरीजमधला सिनसिनाटीचा बॅटर आर्मब्रिस्टर आणि बॉस्टनचा कॅचर फिस्क यांचा प्रसंग याच जातीचा. अंपायर लॅरी बार्नेटने काही दिलं नाही आणि बॉस्टनमध्ये त्यावरून आजही तावातावाने बोललं जातं.

---

चौथा_बॉल

एकदम भारी. स्कोअरबुकाचं राहिलं तेवढं.

---

निळा_शर्ट

ऑब्स्ट्रक्शनमुळे बेस दिला गेला तर अडवणाऱ्या फील्डरच्या नावावर एक एरर, बेस कितीही मिळाले तरी एकच. अडथळ्याने खेळात काही फरक पडला नाही असं स्कोअररचं मत असेल तर एरर नाही. म्हणजे फर्स्टला घासून गेला, तरी डबल व्हायचा तो झालाच, तर हिट म्हणजे डबल आणि एररचा रकाना कोरा. बॅटरला फर्स्ट निव्वळ ऑब्स्ट्रक्शनमुळे मिळाला तर त्याचा ॲट-बॅट (बॅटिंगच्या हिशेबात मोजली जाणारी संधी) धरत नाहीत.

अंपायरने बोट दाखवलं की समासात पेन्सिलीने एक खूण करून ठेवा, कोण फील्डर आणि कोणत्या बेसजवळ. शेवटी निर्णय येईपर्यंत पेन लावू नका.